माळेखालचं बोट

बोलतेय ती मी, डेडेच्या कमरेची माळ. चेहरा शोधू नका, मला तो नाही. पोरीचं झबलं जरा वर केलंत तर दिसेन. पांढरे बारीक मणी, अधूनमधून पिवळे, आणि बेंबीच्या खाली एक निळा. तुमच्याकडे तान्ह्याला करगोटा बांधतात ना, तशीच मी. फक्त जरा जास्त नटलेली, आणि माझ्यावर काम जास्त.

जन्मायच्या आधी मी बाटल्या होते. पांढरा भाग कुणाच्या तरी क्रीमच्या डब्यांचा. पिवळा कुठला, ते मलाही माहीत नाही. निळा मणी पोटाच्या औषधाच्या जुन्या बाटलीचा, त्यामुळे औषधांशी माझं नातं पहिल्यापासूनच आहे. लावेरनं त्या बाटल्या लोखंडी खलात कुटल्या, पूड चाळली, मातीच्या साच्यातल्या खळग्यांत भरली आणि प्रत्येक खळग्यात कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पानाचा एकेक देठ रोवला. भट्टीत काच वितळते, देठ जळून जातो आणि त्याच्या जागी भोक राहतं. ते भोक नसतं तर मला कुणी ओवलं नसतं.

लावेर म्हणजे डेडेचा बाप. मणी तो घडवतो आणि ओवते त्याची आई, माकू. दर गुरुवारी कोफोरिडुआच्या बाजारात ती मण्यांचं दुकान मांडून बसते. पण आमच्या ओदुमासे गावात तिचं नाव आहे ते बोटासाठी. लेकुरवाळ्या बायका मूल घेऊन तिच्याकडे येतात. ती मुलाच्या माळेखाली बोट घालते आणि निकाल देते. एक बोट अंगाला घासून आत गेलं तर मूल ठीक. दोन सहज गेली तर आईला बोलणी. बोट शिरलंच नाही तर आईची पाठ थोपटायची आणि माळ वाढवून द्यायची. दवाखान्यात वजनकाटा आहे म्हणतात. असू दे. आमच्याकडे त्याच्याआधी मला विचारतात.

आमच्याकडे पहिल्या मुलीचं नाव डेडेच, म्हणून तिचंही डेडे. त्याबाबत कुणाला डोकं चालवावं लागलं नाही. नाव ठेवलं त्याच सकाळी माकूनं मला तिच्या कमरेला बांधलं, दातांनी दोरा तोडला आणि सुनेला म्हणाली, "ही सैल झाली तर मी तुला विचारीन."

"हो आई," व्हिडा म्हणाली.

व्हिडा, डेडेची आई, एवढंच बोलायची. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. सासूच्या स्वयंपाकघरात भांडं ठेवतानासुद्धा आवाज होऊ नये म्हणून खाली हात धरणारी मुलगी. बघायची मात्र सगळं.

सकाळची आंघोळ माकूच्या हातची. अंगणात पाय लांब करून बसायची, पोरीला नडग्यांवर पालथी घालायची, गरम पाण्यानं शेकायची, शिया बियांचं लोणी चोळायची, मग उताणी करायची. उताणी झाली की डेडेचा हात आपसूक खाली यायचा आणि निळ्या मण्यावर तिचं बोट टेकायचं. ती तो मणी फिरवायची आणि आजीकडे बघून हसायची. मला या जगात कुणी विनाकारण हात लावला असेल तर तो तिनंच. बाकी सगळे काहीतरी मोजायला येतात.

मग एका सकाळी ती झोपेतून उठली आणि मला ओढ बसली.

पोट एकदम आत गेलं, गुडघे वर आले, दोन्ही हात फेकल्यासारखे बाजूला झाले, मान खाली गेली. क्षणभर सगळं ताठ. मग सुटलं. मला वाटलं, दचकली. तोवर परत तेच. परत सुटलं. परत तेच. शेवटी ती रडली. भुकेचं रडणं मला ओळखू येतं, हे तसलं नव्हतं.

माकू मणी ओवत होती. तिनं वळून पाहिलं आणि हसली. "बघ गं व्हिडा, तुझी लेक नमस्कार घालतेय. कुणाच्या दरबारात जाऊन आली स्वप्नात?"

शेजारची फेलिशिया केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकते. ती केंकी द्यायला आली होती. तीही हसली. "आत्ताच एवढी अदब शिकली. माझ्या थोरल्याला अजून येत नाही."

व्हिडा हसली नाही. तिनं लेकीला उचललं आणि पाठीला बांधलं.

त्यानंतर उठताना रोज नमस्कार. पाठीला बांधलेली असली की माझ्या एका बाजूला डेडेचं पोट आणि दुसऱ्या बाजूला व्हिडाची पाठ. ओढ बसली की त्या पाठीला ती माझ्यामार्फत कळायची, आणि व्हिडा हातातलं काम थांबवून उभी राहायची. पुढच्या ओढीची वाट बघत. असं उभं राहणं किती थकवतं, ते मी तिच्या कण्यावरून सांगू शकते.

एक दिवस आंघोळीत माकूनं पोरीला उताणी केली आणि हात खाली आलाच नाही. डोळे उघडे होते, पण आजीला सोडून पलीकडे, भिंतीकडे. निळा मणी आपल्या जागी पडून राहिला.

"झोप नसेल झाली," माकू म्हणाली. पण पाणी ओतायचा हात जरा थबकला होता.

त्याच आठवड्यात लावेर आणि व्हिडा पोरीला घेऊन राजधानीत, अक्राला गेले.

तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात डेडेच्या डोक्याला तारा चिकटवल्या. झोपवलं, उठवलं, उठताना ओढी आल्या, आणि यंत्रानं त्यांचं काहीतरी वेडंवाकडं चित्र काढलं. डॉक्टर बारीक चणीच्या बाई होत्या. त्या घाईत बोलल्या नाहीत.

"हे दचकणं नाही. हे झटके आहेत, या वयाच्या बाळांना येतात तसले. हे चालू राहिले तर ती जे शिकली ते विसरत जाईल, आणि नवीन शिकणार नाही."

"ती हसत नाही आता," व्हिडा म्हणाली.

"म्हणूनच लगेच सुरू करायचं. हार्मोनचं औषध आहे. इंजेक्शन इथं नेहमी मिळत नाही, पण त्याच कामाच्या गोळ्या आहेत. चूर्ण करून द्या. ती चिडेल, सारखी खायला मागेल, तोंड सुजेल. तापकरी, खोकलेकरी माणसापासून लांब ठेवा. गर्दीत न्यायचं नाही. आणि मला न विचारता औषध थांबवायचं नाही. हे बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. एकदम बंद केलंत तर तिच्याकडे आतून काहीच नसेल. समजलं?"

"झटके जातील?" लावेरनं विचारलं.

"बहुतेक जातील. पुढचं आत्ता सांगणं खोटं ठरेल."

परतीच्या गाडीत, ओदुमासेच्या अलीकडचं सोमान्या जवळ आल्यावर, लावेर म्हणाला, "आईला हे नाव सांगायचं नाही."

व्हिडानं त्याच्याकडे पाहिलं.

"तिच्या धाकट्या बहिणीला झटके होते. चुलीत पडली. आईनंच बाहेर काढलं तिला, पण नाही वाचली. अजून ती भट्टीजवळ येत नाही, पाहिलंयस ना? मणी घ्यायला दारात उभी राहते. तिला सांगितलं तर ती झोपणार नाही. आणि गल्लीत कळलं तर ते नाव पोरीच्या मागे जन्मभर लागेल."

"मग काय सांगायचं?"

"ताकदीचं औषध."

व्हिडानं लेकीचं झबलं सारखं केलं. तिच्या गप्प बसण्याला घरात सगळे होकार समजत. लावेरनंही तेच समजलं.

गोळ्या कुटायचं काम लावेरकडे आलं. भट्टीचे हात तो कोपरापर्यंत घासून धुवायचा आणि दोन चमच्यांमध्ये गोळी अशी दाबायचा की पुडीत डोळ्यांना कण दिसू नये. चूर्ण कडू होतं. निम्मं डेडे थुंकायची, ते माझ्यावर यायचं. निळ्या मण्यावर पांढरा थर. मग पुन्हा तेवढंच द्यायचं. व्हिडा ओठ घट्ट मिटून द्यायची, लेक ओठ घट्ट मिटून नको म्हणायची. दोघी तशा सारख्याच.

मग भूक आली. ती भूक मी पाहिलेली नव्हती. खिमटीची वाटी संपायच्या आत पुढच्या वाटीसाठी किंचाळणं. छातीशी घेतली तरी किंचाळणं, खाली ठेवली तरी किंचाळणं. व्हिडा उभ्यानं जेवायची, उभ्यानं डुलक्या घ्यायची. आणि मी आवळत चालले. पोट रोज वर येत होतं. गाल असे फुगले की डोळे आत गेले.

माकूनं बोट घालून पाहिलं. नखसुद्धा शिरेना.

"शाबास," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा व्हिडाची पाठ थोपटली. "औषधाला गुण आहे."

व्हिडा कशी हसली ते मी खालून पाहिलं. कुणी नको असलेली वस्तू भेट द्यावी आणि घ्यावी लागावी, तसं.

आणि एका सकाळी डेडे उठली आणि ओढ बसली नाही.

मी वाट बघत राहिले. व्हिडाही. पाठीवर घेऊन उभी राहिली, हातात परात तशीच. काहीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुणी त्याबद्दल एक शब्द बोललं नाही, बोललं तर परत येईल असं वाटत असावं. पण लावेर कुटताना शीळ घालायला लागला.

बोट मात्र आलं नव्हतं. आंघोळीत उताणी केली की डेडेचा हात कुशीतच पडून राहायचा. मी रोज बघत होते.

अशात व्हिडाचे मामा गेल्याची बातमी आली. गाव नदीपलीकडे. शनिवारी अंत्यविधी, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना. भाची नाही आली तर चालणार नाही, आणि जावई नाही आला तर मुळीच चालणार नाही. तिथं सगळा गाव लोटणार, म्हणून डेडेला न्यायची सोय नव्हती. अक्राची पुढची खेप पुढच्या आठवड्यात होती. डॉक्टर तेव्हा औषध थोडं थोडं उतरवायला सुरुवात करणार होत्या.

निघायच्या आधी लावेरनं पुड्या बांधून एका डब्यात ठेवल्या. व्हिडा सुतकाचा काळा-लाल कपडा नेसून माकूसमोर उभी राहिली.

"आई, यातली एकही चुकवू नका."

"मी पाच पोरं वाढवली."

"हो आई. पण चुकवू नका."

"आणि चुकली तर? ताकद पळून जाईल काय शेजारी?"

व्हिडानं तोंड उघडलं. मी डेडेच्या कमरेवर, डेडे माकूच्या मांडीवर, त्यामुळे व्हिडाचं तोंड मला नीट दिसत होतं. वाक्य ओठांवर आलं होतं. दारातून लावेर खाकरला, "गाडी जाईल."

"चुकवू नका," ती परत म्हणाली आणि गेली.

शनिवार मोठ्या किंकाळीनं सुरू झाला. माकूनं पुडी दिली, खिमट भरवली, पुन्हा भरवली. माझा दोरा पोरीच्या कातडीत रुतला होता, लाल वळ उठला होता. माकूनं मला उतरवलं, आणखी मणी घालून लांब केलं आणि परत बांधलं. बोट घातलं. जेमतेम एक.

फेलिशिया केंकी घेऊन आली ती दारातच थांबली. "अगं माकूमावशी, ही आता फुटेल."

"दृष्ट लावू नकोस."

"दृष्ट नाही, खरं विचारतेय. कसल्या गोळ्या देते गं सून? बाजारात बायका अंग भरायला घेतात, त्यातल्या तर नाहीत? माझ्या भाचीनं घेतल्या. तोंड भोपळ्यासारखं झालं, मागचं म्हणशील तर तेवढंच राहिलं."

"डॉक्टरनं दिलंय."

"डॉक्टरनं ताकदीसाठी दिलं ना? मग आली की ताकद. अजून किती हवी? आजकालच्या मुली, तुला सांगते. फोटोत बाळ गुबगुबीत दिसलं पाहिजे यांना."

फेलिशिया गेली. माकू बराच वेळ पोरीकडे बघत बसली. फुगलेले गाल, रुतलेले डोळे, ताणून चकाकणारं पोट. तिच्या बोटाला ते पटत होतं, मनाला पटत नव्हतं. आपल्या बोटाविरुद्ध तिनं आयुष्यात कधी निकाल दिला नव्हता. बोट म्हणत होतं, भरली. भरली तर मग ताकदीचं औषध कशाला?

दुपारची पुडी डब्यातच राहिली. त्यानंतरचीही.

माकूच्या मनात पाप नव्हतं. तिनं त्या दिवशी नातीला पंखाखाली घेतल्यासारखं जपलं. तिला जे सांगितलं होतं, त्यावरून तिनं बरोबर हिशेब केला. सांगितलंच चुकीचं होतं.

रविवारी डेडे ओरडली नाही.

"बघ," माकू तिलाच म्हणाली, "कशी शहाण्यासारखी झोपलीस. ते कडू पोटात नाही तर कशी शांत."

घंटा झाली, गल्ली चर्चला गेली. माकू गेली नाही, नातीपाशी बसली. खिमट पुढे केली, डेडेनं तोंड वळवलं. काल वाटीवर झडप घालणारी पोरगी. माकूनं चमचा ओठांना लावला, थोडं आत गेलं आणि सगळं बाहेर आलं, माझ्यावरून, चटईवर.

पोट थंड होतं. उन्हाची वेळ होती, अंगणातली माती तापली होती, आणि माझ्याखालची कातडी गार, ओलसर, पीठ मळून झाकून ठेवल्यासारखी मऊ. श्वास वर यायचा तो पोटापर्यंत पोचत नव्हता.

माकूनं माझ्याखाली बोट घातलं.

एक बोट. जेमतेम. काल होतं तेवढंच.

ती बोट तसंच ठेवून बसली. मला जे सांगता येतं तेवढंच मी सांगत होते. घेर. पोटाच्या आत काय चाललंय, ते सांगायला माझ्यात जागाच नाही. मला भोक आहे, तोंड नाही. तिनं बोट काढलं, पुन्हा घातलं, परत काढून घातलं, आणि मी तिसऱ्यांदा तेच म्हणाले. भरलीय.

"डेडे," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "डेडे." पापण्या अर्ध्या उघडल्या आणि मिटल्या.

माकू तिला खांद्यावर टाकून फाटकाकडे निघाली होती, तेवढ्यात समोरून व्हिडा आली. लावेर मागे सामान उतरवत होता. व्हिडानं पोरीचा हात धरला आणि सोडला. तो तसाच खाली पडला.

"पुडी दिलीत?"

"काल सकाळची दिली."

"मग?"

"मग नाही दिली. भरली ना पोरगी. ताकदीला तरी किती—"

"ते ताकदीचं नाही, आई."

व्हिडाचा आवाज एवढा मोठा असेल, असं गल्लीत कुणाला वाटलं नसतं. लावेर सामान टाकून धावत आला.

"तिला झटके येत होते. तो नमस्कार नव्हता, झटके होते. गोळ्यांनी थांबले. एकदम बंद केल्या तर जीव जातो, डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

माकूनं मुलाकडे पाहिलं. लावेरनं मान खाली घातली.

"टॅक्सी बघ," ती त्याला म्हणाली. "नंतर उभा राहा तसा."

जवळच्या हॉस्पिटलात तिला टेबलावर निजवलं. व्हिडा एका श्वासात सगळं सांगत होती. झटके, गोळ्या, केव्हापासून, केव्हा थांबल्या. कालपर्यंत घरात कुणी न बोललेलं वाक्य आज ती अनोळखी माणसांना पुन्हा पुन्हा ऐकवत होती. सिस्टरनं कात्री उचलली. "हे कमरेचं काढावं लागेल."

"मी काढते," माकू म्हणाली. ती वाकली, दातांत दोरा धरला आणि तोडला. बांधताना तोडला होता, तसाच. काही मणी जमिनीवर उडाले. उरलेले तिनं पदराच्या टोकात घेतले आणि गाठ मारली.

त्या गाठीत मी काय बघणार? अंधार आणि केंकीचा वास. आयुष्यात पहिल्यांदा मला कळत नव्हतं की डेडेचं पोट हलतंय की नाही. शीर सापडत नाही, असं कुणी म्हणालं. साखर खाली गेलीय, असं कुणी म्हणालं. कुणी पळत गेलं. मग दार लागलं आणि आम्ही बाहेर राहिलो.

बऱ्याच वेळानं माकू म्हणाली, "माझी बहीण सगळ्यात हुशार होती घरात. आम्ही तिला चुलीपासून लांब ठेवायचो, पण का, ते बोलायचो नाही. लोकांना कळेल म्हणून. त्या दिवशी चुलत्याची नवी बायको घरात होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं माझ्या बहिणीला चहा टाकायला सांगितलं."

"मला माहीत होतं," व्हिडा म्हणाली. "म्हणजे चुलीचं. लावेरनं सांगितलं होतं. तुम्हाला त्रास होईल म्हणून आम्ही—"

"म्हणजे माझी काळजी सगळ्यांना होती," माकू म्हणाली. "पोरीची कुणाला होती?"

लावेर भिंतीला टेकून खाली बसला, ते मला कपड्याच्या घासण्यावरून कळलं. मग कुणीतरी, मला वाटतं व्हिडानंच, माकूचा हात हातात घेतला, कारण गाठीवरचा ताण जरा सैल झाला.

किती वेळ गेला, माहीत नाही. मी काच आहे. भट्टीतही वेळ मोजला नव्हता.

मग दारापलीकडून किंकाळी आली. तीच. भुकेची, रागाची, कानठळ्या बसवणारी, घर डोक्यावर घेणारी. इतके दिवस तिनं सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. माकू इतक्या झटक्यात उठली की गाठ तिच्या गुडघ्यावर आपटली.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "ऐकलंस, कशी ओरडतेय ते?"

सिस्टरनं दार उघडलं. "कुणीतरी आत या, खायला मागतेय ती. फार कडक आवाज आहे हो हिला."

घरी आल्यावर मला पुन्हा ओवलं गेलं. जमिनीवर उडालेले मणी सिस्टरनं झाडून कागदात बांधून दिले होते. निळा गाठीतच होता.

अक्राच्या डॉक्टरांनी औषध हळूहळू उतरवायला सुरुवात केली. या खेपेला माकूही गेली आणि त्यांच्या समोरची खुर्ची तिनंच धरली. "आता मला सांगा," म्हणाली, "आणि ताकद वगैरे म्हणू नका." त्यानंतर घरात पुडीची वेळ झाली की कुणाची धडगत नसे. लावेरनं चूर्ण जरा भरड केलं तर, "मण्याला बारीक कुटतोस, लेकीला दगड?" व्हिडाला उशीर झाला तर ती डबा घेऊन दारात. व्हिडाही आता तिला म्हणायची, "आई, मी दिलीय, तुम्ही बसा जरा." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा दोघी दचकल्या होत्या.

आणि मी सैल होत गेले. गाल उतरले, डोळे बाहेर आले, पोटाचं चकाकणं गेलं. माकूचं एक बोट सहज जायला लागलं, मग दोन. प्रत्येक वेळी तिचा चेहरा आक्रसायचा. आयुष्यभराची सवय. मग ती स्वतःशीच पुटपुटायची, "सूज उतरतेय, सूज."

फेलिशिया दारातून म्हणालीच, "काय गं माकूमावशी, वाळली की पोरगी. सूनबाईनं हात आखडला का?"

एरवी यावर माकूनं सुनेची बाजू घेतली नसती. "तिला झटके येत होते," ती म्हणाली. गल्लीत चार बायका होत्या, चारही थांबल्या. "त्याच्या औषधानं सुजली होती. आता औषध उतरवतोय, म्हणून सूज उतरतेय. आणि तू खोकत असशील तर केंकी तिथंच ठेव."

फेलिशियानं केंकी उंबऱ्यावर ठेवली. जराशानं म्हणाली, "माझ्या आईकडे होता एक मुलगा तसा. कुणी बोलायचं नाही." आणि गेली.

झटके परत आले नाहीत. आजवर नाहीत. डॉक्टर अजून म्हणतात, बघत राहू. तिच्या वयाची मुलं बसतात तशी ती बसत नाही, उशीखेरीज कलंडते. या घरात आता कुणी खोटं बोलत नाही, म्हणून मीही हे सांगून टाकते.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. माकू अंगणात पाय पसरून बसली होती. नेहमीचं पाणी, नेहमीचं चोळणं. तिनं पोरीला उताणी केलं. मी इतकी सैल होते की एका बाजूला ओघळले, आणि निळा मणी कुशीत आला.

डेडेचा हात तिथंच होता. बोट हललं. मण्याला लागलं, घसरलं. पुन्हा आलं. मणी थोडासा फिरला.

माकूनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला, अगदी हळू.

"व्हिडा," ती म्हणाली, "इकडे ये. धावू नकोस."

व्हिडा पिठाच्या हातांनी आली आणि शेजारी उकिडवी बसली. दोघी वाकून बघत होत्या, श्वास रोखून, पूर्वी व्हिडा एकटीच उभी राहायची तशा. बोट मण्यावर होतं. मग डेडेनं भिंतीवरची नजर काढली, आजीच्या तोंडावर आणली आणि तिथं ठेवली. हसली नाही. नुसती बघत राहिली, ही कोण बाई, असं.

"बघ की," माकू म्हणाली. "माझ्याकडे बघतेय."

तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकलं ते माझ्यावर. चव घेता येत नाही मला, पण कडू नसावं.

एवढीच माझी गोष्ट. मी अजून तिच्याच कमरेला आहे, सैल, जरा तिरकी. तुमच्या घरातही कुणाच्या कमरेला मी असेन, दुसऱ्या नावानं. माझ्याखाली बोट घालून बघा, माझी ना नाही, त्यासाठीच बांधलंय मला. पण तेवढ्यावर उठून जाऊ नका. जरा थांबा, आणि पोरीचं बोट कुठं जातंय ते बघा.